शिस्त आतूनच आली पाहिजे, हा हट्ट सोडा

"कॉलेजात आलेल्या मुलाला हाताला धरून चालवायचं नसतं." सत्र संपत आलं आणि हजेरी कमी असलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली की आमच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. त्याच्या मागोमाग पुढची वाक्यंही येतात. अठरा वर्षं पूर्ण झालेल्याला सबमिशनची तारीख लक्षात ठेवता येत नसेल तर दोष त्याचाच. बारावीला नव्वद टक्के मिळवलेला मुलगा पहिल्याच सत्रात चार विषयांत नापास झाला, म्हणजे तो मोबाइलने बिघडला. आणि एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न लागण्याच्या आणि चंचलतेच्या विकाराचं, निदान झाल्याचा कागद घेऊन आला, म्हणजे सवलत लाटायला आला. हे बोलणारी माणसं दुष्ट नाहीत. त्यांतले कित्येक जण मन लावून शिकवतात, गरीब मुलांची फी स्वतःच्या खिशातून भरतात. पण या प्रश्नावर ते चुकतात आणि त्या चुकीपायी मुलांची वर्षं जातात. म्हणून हा प्रतिवाद.

या सगळ्या बोलण्याच्या मुळाशी एक समजूत आहे. खरी शिस्त आतून येते, बाहेरून लावलेली कच्ची असते, तेव्हा बाहेरचे आधार एकेक करून काढून घेतले की आतली शिस्त जागी होते, अशी ती समजूत. ऐकायला रास्त वाटते. एडीएचडी असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र ती सरळ उलटी पडते, कारण त्याच्या मेंदूतली जी यंत्रणा दुबळी आहे नेमकी तिच्यावरच सगळा भार टाकला जातो. माझं म्हणणं असं आहे की या विद्यार्थ्याची शिस्त बाहेर असू द्यावी. ती माणसांत असेल, छोट्या छोट्या मुदतींत असेल, भिंतीवर चिकटवलेल्या कागदात असेल. आयुष्यभर ती तिथेच राहिली तरी काही बिघडत नाही. तिची सोय करणं हे महाविद्यालयाचं काम आहे, उपकार नव्हे.

आधी बारावीच्या टक्क्यांचा मुद्दा घेतो, कारण तोच सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तोच सर्वांत जास्त फसवा आहे. "आजार असता तर बारावीत दिसला नसता का?" नसता दिसला. लातूर पॅटर्न म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ते काय आहे, हे जरा बारकाईने पाहा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा वेळ दुसऱ्या कुणीतरी बांधून दिलेला. रोज किंवा दर आठवड्याला चाचणी. अभ्यासाचा भाग छोटा, पंधरा-वीस पानांचा. निकाल लगेच, फलकावर सगळ्यांसमोर. गैरहजर राहिलं तर घरी फोन. घरी राहून शिकणाऱ्या मुलांचंही फार वेगळं नसतं. आई पहाटे उठवते, चहा हातात देते, समोर बसते. बाबा क्लासला सोडतात आणि सुटायच्या वेळी दारात उभे असतात. रविवारी टेस्ट सिरीज असते. मुलाने फक्त समोर आलेलं गणित सोडवायचं. कधी बसायचं, कशापासून सुरुवात करायची, कधी थांबायचं, यातला एकही निर्णय त्याच्याकडे नसतो.

एडीएचडी असलेलं हुशार मूल अशा व्यवस्थेत चांगलं चालतं. हा काही माझा अंदाज नव्हे. अमेरिकन मनोविकार संघटनेची २०१३ ची निदानपुस्तिका, डीएसएम-५, हेच सांगते: जवळून देखरेख असेल, वरचेवर शाबासकी मिळत असेल, बाहेरून सतत चालना मिळत असेल किंवा काम विशेष आवडीचं असेल, तर लक्षणं फार थोडी दिसतात किंवा दिसतही नाहीत. म्हणजे बारावीच्या नव्वद टक्क्यांनी एवढंच सिद्ध होतं की मुलाची बुद्धी शाबूत आहे आणि तिच्याभोवतीची व्यवस्था भक्कम होती. हा आजार नसल्याचा पुरावा म्हणून जे गुण पुढे केले जातात, तेच माझ्या बाजूचे साक्षीदार आहेत. व्यवस्था होती तेव्हा मूल पास झालं. ती जूनमध्ये काढून घेतली आणि नोव्हेंबरात मूल नापास झालं. मधल्या पाच महिन्यांत त्याचं चारित्र्य बदललं, असं मानायचं कशाच्या आधारावर?

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," हेही ऐकू येतं. होतं. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्राइटन याने १७९८ मध्ये लक्ष एका जागी न ठरणाऱ्या माणसांचं वर्णन करून ठेवलं आहे. लंडनमध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशाच मुलांवर व्याख्यानं दिली. नाव पुढे बदलत गेलं, एवढंच. आपल्याकडेही ही मुलं प्रत्येक वर्गात होती. प्रगतिपुस्तकावर "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" असा शेरा घेऊन ती वर्षामागून वर्षं पुढे सरकली आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाला कुठेतरी गळून पडली. मग वडिलांच्या दुकानात बसली, किंवा मिळेल त्या कामाला लागली. त्यांची नोंद कुणी ठेवली नाही, म्हणून ती नव्हती असं होत नाही.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के निघतो. २००७ मध्ये फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा वर्षानुवर्षं घेऊन दाखवलं की मेंदूच्या बाह्यावरणाची जाडी इतर मुलांत सरासरी साडेसातव्या वर्षी ज्या टप्प्याला पोचते, तो टप्पा एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाव्या वर्षी येतो. उशीर सर्वांत जास्त होता तो पुढच्या भागात, जिथून नियोजन आणि आवर घालण्याचं काम चालतं. रसेल बार्कली या मानसशास्त्रज्ञाने आयुष्य या विषयात घालवलं. त्याच्या मांडणीचं सार असं की एडीएचडी असलेल्या माणसाला काय करायचं ते कळत असतं. कळलेलं योग्य वेळी करणं त्याला जमत नाही. दूरची मुदत त्याच्यावर पकड घेत नाही. तीन महिन्यांनंतरची परीक्षा त्याला ठाऊक असते, पण ती त्याला खुर्चीत बसवू शकत नाही. म्हणून मदत द्यायची तर ती काम करण्याच्या जागी आणि काम करण्याच्या वेळी द्यावी लागते, असं बार्कली सांगतो. "अभ्यास कर" हे त्याला सांगायची गरजच नाही. ते त्याला आपल्यापेक्षा जास्त वेळा ऐकवलं गेलं आहे.

आता आमच्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाकडे पाहा. सत्र साधारण पंधरा आठवड्यांचं. पाच-सहा विषय, प्रत्येकाचं जर्नल, त्यात आठ-दहा प्रयोग, शिवाय असाइनमेंट. हे सगळं दर आठवड्याला थोडं थोडं करायचं, असं सांगितलेलं असतं. तपासलं मात्र जातं शेवटच्या आठवड्यात. मुलं त्याला "सबमिशनचा आठवडा" म्हणतात आणि त्या आठवड्यात वसतिगृहात कुणी झोपत नाही. राइटअप एकमेकांचे उतरवले जातात, सह्यांसाठी केबिनबाहेर रांगा लागतात. ज्या मुलाचा मेंदू दूरची मुदत जवळ आणू शकतो तो यातून धापा टाकत का होईना, पार पडतो. एडीएचडी असलेल्या मुलाच्या अंगावर त्या आठवड्यात सहा विषयांचं मिळून सत्तर पानांचं काम एकदम येतं. कुठून सुरुवात करायची हेच त्याला ठरवता येत नाही आणि तो खोलीचं दार लावून बसतो. टर्मवर्कचे गुण जातात. पंचाहत्तर टक्के हजेरीच्या नियमाची आठवण करून देणारी यादीही तेव्हाच लागते, जेव्हा हजेरी भरून काढायला एकही तास उरलेला नसतो. मग एटीकेटी. मग मागच्या सत्राचे विषय आणि चालू सत्राचे विषय एकत्र, म्हणजे ज्याला पाच मुदती सांभाळता आल्या नाहीत त्याच्यावर आठ. पुढे वर्ष जातं, मित्र वरच्या वर्गात जातात, आणि ज्या काही माणसांच्या सोबतीने तो कसाबसा उठून लेक्चरला येत होता तीही तुटते.

यात त्याला इंजिनिअरिंग समजतं की नाही, याची परीक्षा कुठे झाली? सर्किटच्या तोंडी परीक्षेला अचूक उत्तरं देणारी मुलं मी पाहिली आहेत, ज्यांच्या जर्नलची निम्मी पानं कोरी होती. आपण त्यांना विषयात नापास केलं, असं आपल्याला वाटतं. खरं तर वेळेची खतावणी ठेवण्यात नापास केलं. ती ठेवायला शिकवणारा तास आपल्या वेळापत्रकात नाही.

बाहेरून लावलेली शिस्त कच्ची, या म्हणण्याला आपलं रोजचं जगणंच उत्तर देतं. गावोगावी, चाळीचाळींत भिशी चालते. एकटीच्या मनाने डब्यात पैसे टिकत नाहीत, हे बायकांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून दहा-बाराजणी एकत्र येतात, तारीख ठरवतात, सगळ्यांच्या समोर हप्ता देतात. त्या पैशांतून मुलांची फी भरली जाते, घरात शिलाई मशीन येतं. तिला स्वतःच्या मनाने साठवता येत नाही, सबब तिची बचत खोटी, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. स्वतःच्या मनाची मर्यादा ओळखून तिला बाहेरून बांध घालणं हे शहाणपणच समजलं जातं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने हेच मागितलं की आपण त्याला परावलंबी का ठरवतो?

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा. हल्ली जो तो स्वतःला एडीएचडी असल्याचं सांगतो. रील पाहून निदान होतं. दिवसाचे पाच तास फोनवर घालवणाऱ्या कुणाचं लक्ष लागणार आहे? या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. मार्गारेट सिब्ली आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. किशोरवयात किंवा त्यानंतर पहिल्यांदाच एडीएचडी उद्भवला असं प्रश्नावलीवरून ज्यांच्याबाबत वाटत होतं, त्यांची नीट तपासणी केल्यावर सुमारे ९५ टक्के जणांची नावं यादीतून गळाली. कुणाला नैराश्य होतं, कुणाला व्यसन, कुणाचा त्रास निदानाच्या पातळीचा नव्हता. डीएसएम-५ ची अटही कडक आहे. लक्षणं बारा वर्षांच्या आतली हवीत, घर, शाळा, काम अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत, आणि त्यांनी जगण्यात खरोखर अडथळा आणलेला हवा.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? निदान काळजीपूर्वक व्हावं, हाच. निदान घेऊन आलेल्या प्रत्येकाला ढोंगी समजावं, असा तो निघत नाही. आणि काळजीपूर्वक निदान करायला माणसं कुठे आहेत? भारतात लाखामागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नाही. जे आहेत ते मोठ्या शहरांत. मोठ्या माणसांतला एडीएचडी ओळखण्याचा सराव असलेले त्याहून कमी. बुलढाण्याची किंवा चंदगडची मुलगी पुण्या-मुंबईला जाऊन, राहण्याचा खर्च करून, लहानपणच्या वागण्याबद्दल आईवडिलांना डॉक्टरांसमोर बसवून कागद मिळवते, तेव्हा ती काही आळशीपणाचा सोपा रस्ता शोधत नसते. जगभरातल्या पाहण्यांत मोठ्या माणसांतलं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास निघालेलं आहे. महाराष्ट्रात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी २०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार सुमारे ४५ लाख. ते प्रमाण इथे लावलं तर आकडा लाखाच्या वर जातो. खोटी निदानं चार असतील. न झालेली निदानं हजारोंनी आहेत, आणि आपला सगळा संताप त्या चारांवर खर्च होतो.

न झालेल्या निदानांत मुली जास्त. वर्गात धावणारा, बाक वाजवणारा मुलगा निदान कुणाच्या डोळ्यांत तरी येतो. खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिला फक्त वेंधळी म्हणतात. तीही ते मान्य करते, आणि वह्या रात्र रात्र जागून पूर्ण करत स्वतःला झाकत राहते. बर्कलीच्या विद्यापीठात स्टीफन हिनशॉ यांनी एडीएचडी असलेल्या १४० मुलींचा लहानपणापासून तरुण वयापर्यंत मागोवा घेतला. ज्यांना लहानपणी चंचलता आणि लक्ष न लागणं या दोन्हींचा त्रास होता, त्यांच्यातल्या २२ टक्के मुलींनी तरुणपणापर्यंत आत्महत्येचा प्रयत्न केलेला होता. तुलनेसाठी घेतलेल्या इतर मुलींत हे प्रमाण ६ टक्के होतं. हे आकडे वाचून झाल्यावर "थोडं मन लाव, सगळं होतं" हे वाक्य कुणाच्या तोंडून निघू नये, असं मला वाटतं.

याच आकड्यांपुढे दुसऱ्या टोकाची माणसंही टिकत नाहीत, जी एडीएचडीला देणगी म्हणतात, सुपरपॉवर म्हणतात. डेन्मार्कमधल्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या २०१५ च्या अभ्यासात एडीएचडी असलेल्यांत अकाली मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट दिसला, मुख्यतः अपघातांमुळे. मुलांना धीर द्यायचा असेल तर खरं बोलून द्या.

औषधांबद्दलचा आक्षेप मला अधिक दुःख देतो, कारण तो घेणाऱ्यांत सुशिक्षित पालक असतात. "गोळी खाऊन अभ्यास करायचा म्हणजे फसवणूकच." मेथिलफेनिडेट हे औषध १९४४ मध्ये तयार झालं. इतकी वर्षं वापरात असलेल्या, इतक्या तपासल्या गेलेल्या औषधाला "ड्रग" म्हणून बाजूला सारणं हा मुलावर अन्याय आहे. स्वीडनमध्ये विद्यापीठ प्रवेशाची चाचणी पुन्हा पुन्हा देणाऱ्या एडीएचडीच्या ९३० जणांची स्वतःशीच तुलना केली गेली, आणि औषध चालू असतानाचे त्यांचे गुण औषध बंद असतानाच्या गुणांपेक्षा जास्त निघाले. उलट २०२३ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांना असं दिसलं की एडीएचडी नसलेल्या माणसांनी अशी औषधं घेतली तर धडपड वाढते, पण त्या धडपडीचा दर्जा खालावतो. म्हणजे ही गोळी निरोगी मुलाला स्पर्धेत पुढे नेते, ही भीतीही खरी नाही. आपल्याकडे हे औषध औषध नियमांच्या अनुसूची एक्समध्ये आहे. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, त्याच्याकडे वेगळा परवाना आणि कुलपातलं कपाट लागतं. गैरवापर रोखायला हे योग्यच आहे. पण त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी ते बहुधा मिळत नाही, आणि महिन्याच्या औषधासाठी जिल्ह्याच्या गावी जायची आठवण त्यालाच ठेवावी लागते, ज्याला आठवण न राहण्याचाच विकार आहे.

औषधाने सगळं होतं, असं मात्र मी म्हणत नाही. अमेरिकेत जॉर्ज ड्युपॉल आणि सहकाऱ्यांनी साडेचारशेच्या आसपास विद्यार्थ्यांचा चार वर्षं मागोवा घेतला. एडीएचडी असलेल्यांचे गुण इतरांपेक्षा साधारण अर्ध्या श्रेणीने कमी राहिले, औषध घेणाऱ्यांचेसुद्धा. गोळी खुर्चीत बसायला मदत करते. समोर कोणतं पुस्तक उघडायचं ते ती सांगत नाही.

सवलतींवरून जो गहजब होतो त्यात कायद्याची बाजू आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहे, स्वमग्नता आहे, मानसिक आजार आहे. एडीएचडी नावाने नाही. त्यामुळे डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला परीक्षा विभागात निदान खुर्ची मिळते, आणि ज्याला नुसता एडीएचडी आहे त्याला "यादीत नाही" असं सांगून परत पाठवतात. पण कायदा यादीवर संपत नाही. त्याच कायद्यातली दिव्यांग व्यक्तीची व्याख्या व्यापक आहे: दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांशी निगडित उणीव, जी भोवतालच्या अडथळ्यांमुळे माणसाला इतरांच्या बरोबरीने सहभागी होऊ देत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासाठी आहे. परीक्षेतल्या वाजवी सोयींसाठी ती लावता येणार नाही, आणि कुणाला कोणती सोय लागते ते त्या व्यक्तीकडे पाहून ठरवलं पाहिजे. तिथे प्रश्न हाताने लिहिता न येण्याचा होता, एडीएचडीचा नव्हता, हे मी लपवत नाही. पण तत्त्व निःसंदिग्ध आहे. २०२५ च्या गुलशन कुमार खटल्यात न्यायालयाने ते पुन्हा बजावलं. यादीकडे बोट दाखवून विद्यार्थ्याला दारातून परत पाठवणारं महाविद्यालय या तत्त्वाशी विसंगत वागतं.

आणि तरीही, परीक्षेतल्या जादा वेळेवरून चाललेली भांडणं मला दुय्यम वाटतात. इथे विरोधकांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. सिरॅक्यूज विद्यापीठातल्या लॉरेन्स लेवांडोव्स्की यांच्या अभ्यासांत असं दिसलं की जादा वेळेचा फायदा सगळ्यांनाच होतो; एडीएचडी असलेल्यांना तो विशेष होतो असं नाही. ज्याचं लेखनही मंद आहे त्याला वेळ जरूर द्या. एरवी शांत वेगळी खोली, पंख्याच्या आणि दाराच्या आवाजापासून लांबची जागा, मधे पाच मिनिटं उठायची मुभा, यांचा विचार आधी करा. पण हा मुलगा परीक्षेच्या तीन तासांत बुडत नाही. तो त्याआधीच्या पंधरा आठवड्यांत बुडतो, आणि त्या पंधरा आठवड्यांबद्दल कुणीच बोलत नाही. सगळी मदत परीक्षेच्या दारात उभी करायची आणि सत्रभर त्याला एकटं सोडायचं, हा आपल्या सवलतींच्या विचारातला मोठा दोष आहे.

त्या पंधरा आठवड्यांत काय करता येतं, हे करून पाहिलेलं आहे. ग्रीन्सबरो इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या आर्थर अनास्टोपुलोस यांनी अडीचशे विद्यार्थ्यांवर एक कार्यक्रम तपासला. आठ आठवडे दर आठवड्याला एक गटाची बैठक आणि एका मार्गदर्शकाची स्वतंत्र भेट. पुढच्या सत्रात विरळ भेटी. गटात कामं लिहून काढणं, मोठं काम तोडणं, "मला जमणारच नाही" हा विचार पकडणं, हे शिकवलं गेलं. मार्गदर्शक त्या आठवड्यात काय झालं ते विचारत असे. लक्षणं कमी झाली, कामाचं नियोजन सुधारलं. यात एकही महाग यंत्र नाही. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी "दाखव, काय झालं?" असं न रागावता विचारणारं एक माणूस आहे.

"पुढे नोकरीत कोण असं विचारणार?" सगळेच विचारतात. कंपनीत सकाळची मीटिंग असते, साहेब दिवसातून दोनदा टेबलाशी येतात, ग्राहक फोन करतो, टीममधला माणूस तुमच्या कामासाठी अडून बसलेला असतो. पंधरा आठवडे कुणी काहीच विचारणार नाही आणि शेवटी एकदम निकाल लागेल, अशी रचना कामाच्या जगात क्वचितच असते. त्यासाठी मुलाला तयार करण्याच्या नावाखाली आपण त्याला बाहेर फेकतो.

विद्यार्थ्यांशीही मला सरळ बोलायचं आहे, कारण वरच्या लोकांची समजूत बदलेपर्यंत तुमचं सत्र थांबणार नाही. एकट्याने खोलीत बसून अभ्यास करण्याचा निश्चय पुन्हा पुन्हा करू नका. तो मोडला की तुम्ही स्वतःला शिव्या देता आणि त्यात आणखी दोन दिवस जातात. वाचनालयात जा, जिथे आजूबाजूला माणसं वाचत असतात. एका मित्राशी किंवा मैत्रिणीशी ठरवा की प्रयोग झाल्या दिवशीच, कॅन्टीनमध्ये बसून, राइटअप संपवूनच उठायचं. "संध्याकाळी अभ्यास करेन" असं म्हणू नका. "मेसमधून परत आलो की बॅग न ठेवता थेट रीडिंग हॉलला जाईन" असं म्हणा. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा जर-तरच्या संकल्पांवर काम केलं आहे आणि एडीएचडी असलेल्या मुलांनाही त्यांचा उपयोग होतो, असं दिसलं आहे. सत्राच्या पहिल्या पंधरवड्यातच एखाद्या शिक्षकाला गाठून सांगा. शेवटच्या आठवड्यात सांगितलेलं खरं कारणही सबबीसारखं ऐकू येतं. झोप तोडू नका. आणि विषय कमी घ्यायची सोय असेल तर घ्या. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आहे, मिळवलेले श्रेयांक तिथे साठतात. पदवीला एक वर्ष जास्त लागलं तर पदवी लहान होत नाही. मन खूपच खचलं असेल तर टेलि-मानस मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

उरला खर्चाचा प्रश्न. "कल्पना चांगली, पण माणसं कुठून आणायची?" माणसं आहेत. नॅकच्या मूल्यांकनासाठी जवळपास प्रत्येक महाविद्यालयात मेंटॉर-मेंटीची यादी तयार असते, वीस-पंचवीस मुलांमागे एक शिक्षक, त्यांच्या सह्यांसकट. त्या यादीतल्या प्रत्येक शिक्षकाकडे दोन-तीन मुलं अशी असतील ज्यांना आठवड्याची दहा मिनिटं लागतील. प्रत्येकाला द्या, असं मी म्हणत नाही. ज्यांची जर्नल तिसऱ्या आठवड्यात कोरी आहेत त्यांना द्या, मग निदानाचा कागद असो वा नसो. जर्नल दोन-दोन प्रयोगांच्या टप्प्यांनी तपासा आणि टर्मवर्कचे गुण त्या त्या टप्प्यावर देऊन टाका. सूचना तोंडी सांगता त्या लिहूनही द्या. आणि माझ्या सहकाऱ्यांना एवढंच करून पाहायला सांगतो: येत्या सत्रात डिफॉल्टर लिस्ट शेवटच्या आठवड्यात न लावता तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या आठवड्यात लावा, आणि नोटीस बोर्डावर न लावता त्यातल्या प्रत्येकाला केबिनमध्ये बोलावून द्या. सत्र संपल्यावर शेवटची यादी किती लांब उरली ते मोजा. बाहेरची शिस्त कच्ची असते, हे तुमचं म्हणणं त्या मोजणीत खरं ठरलं, तर मला ती यादी दाखवा.